पहिल्या समुद्रपर्यटनाची पूर्वतयारी : वैद्य आणि औषधविक्रेते यांचे कर्तव्य

सोलापूर हे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले शहर. सिद्धेश्वर तलाव, उजनीचे धरण आणि पंढरपूरची चंद्रभागा एवढ्यावरच आपल्या बहुतेक रुग्णांची जलाशी ओळख संपते. याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरातून बोटीने चीनकडे निघाले, ते रुग्णसेवेचे व्रत घेऊन. त्या काळी समुद्र ओलांडण्यास असे काही थोर कारण लागे. आज तसे राहिलेले नाही. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही प्रवासी बोट सुरू झाली आणि पुढे बंदही पडली. सप्टेंबर २०२१ पासून मात्र मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप या दिशांना मोठ्या जहाजाच्या सहली सुरू झाल्या. सिंगापूर व दुबई येथून निघणाऱ्या जहाजांच्या सहलीही आता प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत नित्य दिसतात. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची षष्ट्यब्दी, मुलाची परदेशातील नोकरी अशा निमित्ताने आपल्याकडील मध्यमवयीन व वृद्ध मंडळी आयुष्यात प्रथमच क्रूझवर जाऊ लागली आहेत.

अशी मंडळी निघण्यापूर्वी एक-दोन दिवस आपल्या चिकित्सालयात येतात. “वैद्यबुवा, बोट लागू नये म्हणून काहीतरी द्या,” एवढीच त्यांची मागणी असते. आपणही गर्दीच्या वेळी चार-सहा पुड्या बांधून देतो किंवा एखाद्या रसकल्पाचे नाव चिठ्ठीवर लिहून औषधविक्रेत्याकडे पाठवितो. पुणे किंवा तुळजापूरच्या प्रवासास हे पुरेसे ठरते, कारण तेथे काही बिघडले तर रुग्ण आपल्याला दूरध्वनी करू शकतो आणि वाटेत कोठेही उतरू शकतो. जहाजावर या दोन्ही गोष्टींचा भरवसा नसतो. तेथे आपले औषध आपल्याविना असते. पुडीत काय आहे, ते कोणत्या मात्रेत घ्यावयाचे, कशासोबत घेऊ नये, हे सांगण्यास कोणी नसते. आणि ती पुडी उघडून पाहणारा सुरक्षा कर्मचारी अथवा परदेशी सीमाशुल्क अधिकारी आयुर्वेद जाणत नसतो. यास्तव समुद्रप्रवासासाठी दिलेले औषध स्वतःची ओळख स्वतः सांगणारे असावे, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. त्याच अनुषंगाने रुग्णाची पूर्वपरीक्षा, औषधांची निवड व त्याज्य द्रव्ये यांचा विचार येथे करीत आहोत.

जहाजावरील परिस्थिती

रुग्णाला सल्ला देण्यापूर्वी जहाजावरील दिनक्रम आपल्याला ठाऊक असावा. प्रवाशाची मोठी बॅग बंदरावरच ताब्यात घेतली जाते, यंत्रातून तपासली जाते आणि काही तासांनी खोलीपाशी पोहोचते. त्यामुळे औषधे मोठ्या बॅगेत ठेवली तर जहाज सुटतेवेळी, म्हणजे नेमकी गरज असताना ती हाताशी नसतात. खोली वातानुकूलित असते. आतल्या बाजूच्या स्वस्त खोल्यांना खिडकी नसते. अग्निभयामुळे कोणत्याही प्रकारची शेगडी, विद्युत कॉइल, उदबत्ती अथवा धूप यांस परवानगी नसते. म्हणून क्वाथ लिहून देण्यात काहीच अर्थ नाही. घरी शिजविलेले अन्नही बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. शेंगाचटणी व कडक भाकरीचा डबा बरोबर बांधणाऱ्या आपल्या मंडळींना हे आधीच सांगितलेले बरे. कारखान्यात सीलबंद केलेले कोरडे पदार्थ चालतात काय, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.

मोठ्या प्रवासी जहाजावर डॉक्टर व परिचारिका असतात. त्यांच्याकडे प्राथमिक व तातडीच्या उपचारांची सोय असते. मोठी शस्त्रक्रिया, रक्तपेढी, सर्व प्रकारची तपासणी यांची अपेक्षा तेथे करता येत नाही. तेथील उपचारांचे शुल्क बहुधा वेगळे आकारले जाते. म्हणून वयस्क रुग्णांनी प्रवासविमा उतरविताना त्यात समुद्रावरील उपचार व किनाऱ्यावर हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे काय, हे पाहावे.

संप्राप्तीचा विचार

‘बोट लागणे’ या अवस्थेचा विचार करताना चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील बारावा अध्याय आठवतो. पंचकर्मानंतर वर्ज्य असे आठ महादोषकर भाव तेथे सांगितले आहेत. उच्चभाषण, अतिचंक्रमण, अत्यासन, अजीर्णभोजन, अहितभोजन, दिवास्वप्न व मैथुन यांच्या पंक्तीत ‘रथक्षोभ’ हा एक भाव येतो. रथक्षोभ म्हणजे वाहनाने शरीरास बसणारे हेलकावे व धक्के. त्यापासून संधिशैथिल्य, हनु, नासा, कर्ण व शिर या ठिकाणी शूल, कुक्षिक्षोभ, आटोप, आंत्रकूजन व आध्मान ही लक्षणे उत्पन्न होतात. कर्ण व कुक्षि या दोन्ही स्थानांचा उल्लेख येथे एकत्र आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. आधुनिक शास्त्रानुसार अंतःकर्णातील तोल राखणारी रचना शरीर हलत असल्याचा संदेश देते, तर बंद खोलीतील स्थिर भिंती पाहणारे डोळे शरीर स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून हृल्लास, घाम, जांभया, अवसाद व शेवटी छर्दी उत्पन्न होते.

छर्दीच्या संप्राप्तीत व्यानासह ऊर्ध्वगामी झालेला उदान दोषांना मुखाकडे आणतो, असे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात छर्दीचे पाच प्रकार वर्णिले असून, त्यांतील पाचवा द्विष्टार्थसंयोगज आहे. जहाजावर तो प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. इंधनाचा वास, जवळच कोणाला झालेली उलटी, स्वयंपाकघरातून येणारा मांस-मत्स्यांचा गंध हे शाकाहारी रुग्णास पुरेसे कारण होते. या प्रकारात मनाला अनुकूल वचने, आश्वासन, सुगंध व रुचकर फळे यांना चिकित्सेत महत्त्व दिलेले आहे. म्हणूनच प्रथम प्रवासाला निघालेल्या रुग्णाचे भय आधी बोलून दूर करणे हा उपचाराचाच भाग समजावा. बहुतेक प्रवाशांना दोन-तीन दिवसांत हेलकाव्यांची सवय होते, हे त्याला सांगावे. दोन-तीन रात्रींच्या सहलीत मात्र सवय होईपर्यंत सहलच संपते, म्हणून अशा छोट्या सहलीत प्रतिबंधाला अधिक महत्त्व आहे.

कोणाची परीक्षा अधिक काळजीने करावी

हा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांत अधिक, दोन वर्षांखालील बालकांत क्वचित व वृद्धांत तुलनेने कमी आढळतो. स्त्रियांना, गर्भिणींना व अर्धशिशीच्या रुग्णांना तो अधिक होतो. घाटात गाडी लागणाऱ्यास बोट लागण्याचा संभव धरून चालावे. वृद्धांना उलट्या कमी होत असल्या, तरी त्यांच्या बाबतीत खरी चिंता वेगळी असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्रोग, श्वास, पौरुषग्रंथीची वृद्धी व संधिवात असलेल्या प्रवाशांच्या बाबतीत पुढील गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, मूळ व्याधी नियंत्रणात आहे की नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, रक्तदाब अस्थिर असलेला, वारंवार श्वासवेग येणारा रुग्ण असेल, तर प्रवास पुढे ढकलण्याचा सल्ला स्पष्ट शब्दांत द्यावा व त्याच्या हृद्रोगतज्ज्ञाचे मत घेण्यास सांगावे. तिकिटाचे पैसे गेल्याचे दुःख काही दिवसांत विसरते. गर्भिणीच्या बाबतीत बहुतेक जहाजकंपन्या चोवीस आठवड्यांनंतर प्रवेश देत नाहीत, हेही सांगून ठेवावे.

दुसरी गोष्ट, रुग्ण सध्या कोणती आधुनिक औषधे घेतो. आपले औषध सुरू झाले म्हणजे ती बंद करावयाची, असा समज अनेक रुग्णांत असतो. प्रवासाच्या काळात कोणतेही चालू औषध बंद करू नये, असे लिहूनच द्यावे.

तिसरी गोष्ट पंचकर्माची. सहलीपूर्वी ‘शरीर शुद्ध करून घेतो’ म्हणून विरेचन किंवा बस्ती करून घेण्याची इच्छा रुग्ण व्यक्त करतात. पंचकर्मास लागलेल्या काळाच्या दुप्पट परिहारकाल सांगितला असून, रथक्षोभ हा त्यातील वर्ज्य भाव आहे. आठ दिवसांचा बस्तिक्रम झाला असेल, तर पुढील सोळा दिवस प्रवास नको, असा हिशेब होतो. म्हणून जहाजाची तारीख विचारल्यावाचून शोधनाचा आरंभ करू नये. प्रवासाआधी इतके दिवस हाती नसतील, तर शोधन परतल्यानंतरच करावे.

ऋतूचाही विचार व्हावा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. पूर्वी कोकण किनाऱ्यावरील आगबोटीही त्या काळात बंद असत. वर्षा ऋतू हा वातप्रकोपाचा काळ असल्याने ज्याला निवड करता येईल त्याने तो टाळावा. दिवाळीच्या सुटीतील सहल शरदात येते. त्या वेळी पित्तप्रकृतीच्या रुग्णास आंबट व तीक्ष्ण पदार्थांबद्दल सावध करावे. हेमंत व शिशिर या ऋतूंत अग्नी बलवान असल्याने प्रथम प्रवासासाठी तो काळ अधिक सोयीचा.

प्रस्थानापूर्वीचे दिवस

शक्य तर रुग्णास तीन आठवडे आधी बोलवावे. या काळात औषधांची निवड करून ती घरीच घेऊन पाहण्यास सांगावे. जे औषध घरी घेऊन पाहिलेले नाही, ते जहाजावर प्रथम घेऊ नये, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. एखाद्याला सुंठीने दाह होतो, एखाद्याला हरीतकीने पोटात मुरडा येतो. हे सोलापुरात कळले तर उपाय करता येतो. पुण्याच्या बस प्रवासात औषध घेऊन पाहणे ही चांगली चाचणी ठरते.

शेवटच्या आठवड्यात लघु आहार, वेळेवर झोप व सायंकाळी तिळतेलाने पादाभ्यंग असावा. सोलापूरहून मुंबईचा रेल्वेप्रवास सुमारे साडेचारशे किलोमीटरचा आहे. रात्रीच्या गाडीने जाऊन, जागरण करून, त्याच दिवशी बॅलार्ड पिअरवर रांगेत उभे राहिलेला प्रवासी वातप्रकोप घेऊनच जहाजावर चढतो. रात्रिजागरण रूक्ष आहे. म्हणून एक दिवस आधी सकाळच्या गाडीने निघून मुंबईत रात्री विश्रांती घेण्यास सांगावे. प्रस्थानाच्या दिवशी उपाशी राहू नये व पोटभरही खाऊ नये. मऊ भात-मुगाचे वरण किंवा ज्वारीची भाकरी-ताक असे साधे अन्न, तेही जहाज सुटण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यावे.

खोली निवडण्याचा अवसर असेल, तर जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी. तेथे हेलकावे कमी जाणवतात.

औषधाची पिशवी : काय द्यावे

चरकांच्या छर्दिनिग्रहण महाकषायातील दहा द्रव्यांत दाडिम, लाजा व उशीर आहेत. ही तिन्ही आपल्या बाजारात सहज मिळतात. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही येथेच आहे. एवढे हृद्य व छर्दिघ्न द्रव्य दारात असताना प्रत्येक प्रवाशास रसकल्प देण्याची आवश्यकता नाही. सामान्य प्रौढ प्रवाशासाठी आम्ही पुढील मर्यादित औषधे सुचवितो.

१. सुंठ. प्रमाणित कंपनीच्या सीलबंद वट्या अथवा कॅप्सूल. जहाज सुटण्यापूर्वी सुमारे एक तास अर्धा ते एक ग्रॅम, नंतर गरजेनुसार दिवसातून दोन-तीन वेळा. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९४० मिलिग्रॅम सुंठीचा फिरत्या खुर्चीवर चांगला परिणाम दिसला. १९८८ साली ८० नौदल छात्रांवरील अभ्यासात एक ग्रॅम सुंठीने उलट्या व घाम कमी झाल्याचे आढळले. पुढील सर्वच प्रयोगांनी मात्र यास पुष्टी दिली नाही. म्हणून ‘हमखास’ असे आश्वासन न देता सौम्य व निरुपद्रवी पहिला उपाय म्हणून सुंठ द्यावी. रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांना व अम्लपित्ताच्या रुग्णांना मात्रा बेताचीच असावी.

२. एलादि वटी, चघळण्यासाठी. हृल्लास व मुखवैरस्य यांवर उपयुक्त. यात खडीसाखर व मध असल्याने मधुमेही रुग्णास देऊ नये. यष्टिमधुही असल्याने, रक्तदाबासाठी मूत्रल औषधे घेणाऱ्याने ती दिवसभर चघळत बसू नये. अशा रुग्णास वेलदोडा अथवा लवंग पुरेशी होते.

३. साळीच्या लाह्या, सीलबंद पाकिटातील, आणि जलसंजीवनीची चार-पाच पाकिटे. उलट्यांनंतर लाह्या गरम पाण्यात भिजवून त्याचे पाणी घोट-घोट घ्यावे. पाणी व क्षार यांची झीज भरून काढणे हे कोणत्याही वटीपेक्षा अधिक तातडीचे आहे.

४. कुटजघन वटी, अतिसारासाठी. ज्वर किंवा रक्त असल्यास केवळ हिच्यावर विसंबू नये.

५. त्रिफळा वटी किंवा गंधर्वहरीतकी, यांपैकी जे रुग्णाला पूर्वी मानवले असेल ते. प्रवासात मलावष्टंभ ही नेहमी आढळणारी तक्रार आहे.

६. अणुतेल अथवा साधे तूप, प्रतिमर्श नस्यासाठी. वातानुकूलित हवेने येणारे नासाशोष व घशाचे कोरडेपण यांवर दोन थेंब पुरेसे होतात.

७. रुग्णाची नेहमीची सर्व औषधे, प्रवासाच्या दिवसांपेक्षा दुप्पट दिवसांची. निम्मी हातातील पिशवीत व निम्मी जोडीदाराच्या पिशवीत. इन्सुलिन असल्यास ते थंड ठेवण्याची सोय जहाजावर आधीच विचारून ठेवावी.

लवणभास्कर व हिंग्वाष्टक ही आपली आवडती चूर्णे समुद्राच्या दमट हवेत लवकर ओल धरतात व त्यांचे खडे होतात. द्यायचीच असल्यास वटीरूपात द्यावीत. लवणभास्कर उच्च रक्तदाबाच्या रुग्णास टाळावे.

औषधाची पिशवी : काय देऊ नये

हा भाग औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष काळजीपूर्वक वाचावा, कारण येथे रुग्णाचे केवळ आरोग्यच नव्हे, तर स्वातंत्र्यही धोक्यात येऊ शकते.

जातिफलादि चूर्ण अतिसार व ग्रहणीत आपण विश्वासाने वापरतो. त्यात भांग आहे. भारतीय अमली पदार्थ कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या अधिनियमाच्या व्याख्येतून भांगेची पाने वगळलेली असल्याने परवानाधारक उत्पादकाचे हे चूर्ण येथे कायदेशीर ठरते. सिंगापूर किंवा दुबईच्या बंदरात हा भेद कोणी मानत नाही. तेथे भांगयुक्त पदार्थ जवळ बाळगणे हाच गंभीर गुन्हा आहे. अहिफेनयुक्त कर्पूररसाचीही गोष्ट तीच. हे कल्प समुद्रप्रवासास निघालेल्या कोणासही, तो फक्त गोव्याला जात असला तरी, देऊ नयेत. पुढच्या वर्षी तोच रुग्ण उरलेली बाटली घेऊन सिंगापूरला जाणार नाही, याची शाश्वती कोण देणार?

खसखस आपल्या स्वयंपाकघरात इतकी रुळलेली आहे की, तिची गणना कोणी औषधात करीत नाही. परंतु सिंगापूर व संयुक्त अरब अमिराती येथे खसखस नेण्यास मनाई आहे. डिंकाचे अथवा अळिवाचे लाडू, अनारसे, घरगुती मसाला यांत ती असते. परदेशी बंदरास लागणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला हे स्वतंत्रपणे विचारावे, कारण तो आपणहून सांगणार नाही.

मयूरपिच्छमषी हे छर्दी व हिक्का यांवरील सर्वपरिचित औषध. मोर हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून, मोरपिसांच्या निर्यातीस बंदी आहे. परदेशाच्या प्रवासात हे औषध बरोबर देऊ नये.

आसव-अरिष्टांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वयंनिर्मित मद्य असते. बाहेरून मद्य आणण्यास बहुतेक जहाजांवर मनाई असते. द्राक्षासवाची बाटली काढून घेतली गेली तर तक्रार करण्यास जागा नाही. त्याऐवजी त्याच गुणांचा वटीकल्प निवडावा.

सूतशेखर रसाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. छर्दी, भ्रम, शिरःशूल म्हटले की आपला हात प्रथम त्याकडे जातो. त्यात पारद, वत्सनाभ व धत्तूरबीज आहे. बोट लागू नये म्हणून काही देशांत कानामागे जी औषधी पट्टी लावतात, तिच्यातील स्कोपोलामिन हे द्रव्य धत्तूर-कुलातील वनस्पतींतच सापडते. एखाद्या प्रवाशाने अशी पट्टी लावली आणि आपला सूतशेखरही चालू ठेवला, तर एकाच प्रकारच्या परिणामाची भर पडून मुखशोष, दृष्टिमांद्य व मूत्रावरोध होऊ शकतो. पौरुषग्रंथीचा अथवा काचबिंदूचा रुग्ण असेल, तर हे अधिकच धोक्याचे. शिवाय ‘एवोमिन’सारखी गोळी अनेक प्रवासी स्वतःहून घेतात. तिने झोप येते. त्याबरोबर निद्राजनक आयुर्वेदीय कल्प देऊ नये. पूर्वी सूतशेखर नियमित घेणाऱ्या रुग्णास तो चालू ठेवण्यास हरकत नाही. परंतु नव्याने, केवळ प्रवासासाठी, आपल्या देखरेखीबाहेर तो देऊ नये. परदेशी बंदरांत पारद व नाग यांच्या प्रमाणाबाबतचे नियम कडक असतात, हाही विचार आहेच. २००४ साली अमेरिकेतील एका अभ्यासात बाजारातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्यापासून आपल्या औषधांकडे पाहण्याची परदेशातील दृष्टी अधिक साशंक झाली आहे.

शेवटी सुटी पुडी. चिकित्सालयात कागदात बांधलेली राखाडी, पांढरी अथवा तांबूस पूड आपल्याला भस्म किंवा चूर्ण म्हणून ओळखू येते. तपासनीसाला ती केवळ नाव नसलेली पूड दिसते. अशी पुडी समुद्रप्रवासासाठी कधीही देऊ नये.

औषधविक्रेत्यांसाठी सूचना

प्रवाशास औषध देताना ते उत्पादकाच्या मूळ सीलबंद वेष्टणात द्यावे. मोठ्या डब्यातून मोजून दिलेल्या वट्या चालणार नाहीत. लहान आकाराची वेष्टणे यासाठी साठ्यात ठेवावीत. लेबलवर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व वापराची अंतिम तारीख वाचता येते काय, ते पाहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील शेड्यूल ई-१ मध्ये भांग, अहिफेन, धत्तूर, वत्सनाभ, पारद इत्यादी द्रव्यांचा समावेश आहे व नियम १६१ प्रमाणे अशा औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. ती सूचना दिसली की प्रवाशाला वैद्याची चिठ्ठी विचारावी. बिलावर प्रवाशाचे नाव व औषधांची पूर्ण नावे लिहावीत, केवळ ‘आयुर्वेदिक औषधे’ असे लिहू नये.

वैद्याने आपल्या नावाच्या कागदावर, नोंदणी क्रमांकासह, इंग्रजीत एक पत्र द्यावे. त्यात रुग्णाचे निदान, चालू आधुनिक औषधे, चालू आयुर्वेदीय औषधे व त्यांतील मुख्य घटक, मात्रा, एखाद्या द्रव्याची असात्म्यता आणि संपर्काचा क्रमांक असावा. जहाजावरील डॉक्टर आयुर्वेद जाणत नसला, तरी घटक वाचून काय टाळावे हे त्याला समजते. या पत्रास दहा मिनिटे लागतात. सबंध पूर्वतयारीत याहून मोलाची गोष्ट आम्हांस दुसरी दिसत नाही.

जहाजावर पाळावयाचे नियम

हृल्लास होऊ लागताच खोलीत पडून न राहता वरच्या मोकळ्या जागी येऊन क्षितिजाकडे पाहावे. वाचन व भ्रमणध्वनी पाहणे थांबवावे. लिंबाचा वास घ्यावा. उलटी येत असेल तर लाजेने दाबून धरू नये. छर्दी हा तेरा अधारणीय वेगांपैकी एक आहे. उलटी झाल्यावर तोंड धुऊन थोडे-थोडे पाणी घ्यावे.

जहाजावर दिवसभर भोजनगृह चालू असते व अन्नाचे मूल्य तिकिटातच दिलेले असते. ‘पैसे भरलेत तर खाऊन घेऊ’ या विचाराने अध्यशन व विषमाशन घडते. रुग्णास सोपा नियम सांगावा : दोन वेळा जेवण, एक वेळ अल्पोपाहार, पहिले पचल्यावाचून दुसरे नाही, दुधाबरोबर मासे व रात्री दही नाही. मधुमेही रुग्णाने भोजनाच्या वेळा घरच्याच ठेवाव्यात.

एकाच ठिकाणी दोन-तीन हजार माणसे राहत असल्याने संसर्ग लवकर पसरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरातील ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर ३,७११ लोकांपैकी ७१२ जणांना कोरोनाचा संसर्ग झाला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या जहाजावरही साठाहून अधिक रुग्ण आढळले. जहाजावर पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूवर हातास लावावयाचे सॅनिटायझर फारसे परिणामकारक नसते. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हाच खरा उपाय. म्हणून जहाजावरील प्रत्येक उलटी ‘बोट लागल्याचीच’ आहे, असे समजू नये.

पायाला तेल लावल्यास मोजे घालावेत, अनवाणी चालू नये. ओल्या डेकवर पाय घसरून पडणे वृद्धास महागात पडते.

पुढील लक्षणे दिसताच कोणत्याही वटीची वाट न पाहता जहाजावरील डॉक्टरकडे जावे : छातीत दुखणे वा श्वास लागणे, एका अंगाची शक्ती जाणे, पाणीही न ठरणारी उलटी, आठ तास लघवी न होणे, रक्तमिश्रित शौच, ज्वरासह अतिसार, मधुमेही रुग्णास गुंगी. ही यादी मराठीत लिहून पिशवीच्या आतल्या बाजूस चिकटवावी.

परतल्यानंतर

किनाऱ्यावर उतरल्यावर काही तास, क्वचित दोन दिवस, जमीन हलत असल्याचा भास होतो. ही अवस्था आपोआप शमते. तिला ‘भ्रम’ म्हणून लगेच तीव्र औषधोपचार सुरू करू नयेत. विश्रांती, लघु आहार व अभ्यंग पुरेसे होतात. महिनाभर हा भास टिकल्यास कर्णरोगतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी. रुग्ण परत आल्यावर पिशवी घेऊन भेटण्यास सांगावे. कोणते औषध लागले, कोणते न उघडता परत आले, ते टिपून ठेवल्यास पुढच्या प्रवाशाची पिशवी अधिक हलकी व अधिक नेमकी करता येते. उरलेली औषधे घरातील कपाटात तशीच पडू देऊ नयेत.

आपल्या वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी येत्या हंगामापासून निदान दोन गोष्टी आचरणात आणाव्यात, अशी विनंती आहे : समुद्रप्रवाशास नाव नसलेली पुडी न देणे आणि घटकांसह लिहिलेल्या पत्रावाचून कोणासही जहाजावर न पाठविणे.